मुन्नीला घेऊन उमराहला

गेल्या दिवाळीच्या सुटीत अल्लाहच्या कृपेने आम्हाला उमराहला जायचं भाग्य लाभलं. घरातली मोठी माणसं पाच: अम्मी, आम्ही दोघं, धाकटा भाऊ आणि भावजय. सहावी प्रवासी भावाची पाच महिन्यांची मुलगी. घरात सगळे तिला मुन्नीच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो.

निघायच्या आधी सोलापुरात ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. "एवढ्या लहान लेकराला कशाला नेता? दोन वर्षं थांबा," असं शेजारच्या खाला म्हणाल्या. अम्मींनी शांतपणे विचारलं, "दोन वर्षांनी मी असेन का?" त्यावर कोणी काही बोललं नाही. बाळाच्या डॉक्टरांना दाखवून आलो. वजन चांगलं होतं, मान धरत होती, लसी वेळेवर झाल्या होत्या. त्यांनी गर्दी आणि उन्हाबद्दल बजावलं आणि जायला हरकत नाही म्हणाले.

आता प्रश्न मुन्नीला उचलून न्यायचं कसं हा होता. तवाफचे सात फेरे, मग सफा आणि मरवाच्या दरम्यान सात खेपा. एवढा वेळ हातावर मूल घेऊन चालणं अवघड. चाकांची गाडी काबागृहाभोवतीच्या गर्दीत उपयोगाची नाही, असं जाऊन आलेल्यांनी सांगितलं होतं. तेव्हा बाजारात जिला कांगारू बॅग म्हणतात ती घ्यायचं ठरलं.

ती खरेदी कशी झाली ते मुद्दाम सांगतो, कारण चूक तिथेच झाली. एका संध्याकाळी बाजारात गेलो. एहरामचा पट्टा, बिनवासाचा साबण, चपला, छोटी कात्री, औषधांची पिशवी अशी लांबलचक यादी होती. चपलांचे चार-चार जोड पायात घालून पाहिले. दुकानात इकडून तिकडे चालूनही पाहिलं. बॅग मात्र दुकानदाराने खोक्यातून काढून दाखवली, रंग आवडला, भाव जमला आणि पाच मिनिटांत ती पिशवीत गेली. जिच्यासाठी घेतली ती मुन्नी तेव्हा घरी झोपली होती.

मुंबई ते मक्का

भावाने एहराम मुंबईतच बांधला. विमानात मीकात जवळ आल्याचं सांगितलं गेलं तेव्हा सगळ्यांनी नीयत केली, मुन्नीच्या वतीने तिच्या अब्बांनी. बाळावर उमराह बंधनकारक नाही. पण सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की रौहा या ठिकाणी एका स्त्रीने आपलं मूल उचलून दाखवलं आणि याचाही हज होतो का, असं प्रेषितांना (स.) विचारलं. प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि त्याचा सवाब तुलाही आहे, असं सांगितलं. आमच्या जथ्याबरोबरच्या मौलानांनी ही हदीस सांगितली तेव्हा भावजयीचे डोळे भरून आले.

विमानात पहिला धडा मिळाला. विमान सुटताना भावजयीने मुन्नीला बॅगेत घालून छातीशी बांधलं होतं. हवाई सेविकेने तिला बाळ बाहेर काढायला सांगितलं आणि आईच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा आणून दिला. उडताना आणि उतरताना धक्का बसला तर पुढे झुकणाऱ्या आईच्या अंगाखाली बाळ दाबलं जाऊ शकतं. मोटारीतही हाच नियम. बाळाची बॅग ही मोटारीतली खुर्ची नव्हे. मोटारीत बाळासाठी वेगळी, पट्ट्याने घट्ट बसणारी खुर्चीच हवी. आपल्याकडे स्कूटरवर मागे बसून बाळाला अशा बॅगेत बांधून नेणाऱ्या आया रोज दिसतात. त्यांनाही हे सांगायला हवं.

जिद्दाहून मक्का साधारण ८० किलोमीटर. बसमध्ये रात्रीचा अंधार होता, लब्बैक चालू होतं आणि दूरवर उंच घड्याळाचा मनोरा दिसायला लागला तशी अम्मींची तस्बीह थांबली. हॉटेलात सामान टाकलं, मुन्नीला दूध पाजलं, लंगोट बदलला आणि वुजू करून आम्ही हरमकडे निघालो.

काबागृह पहिल्यांदा दिसतं त्या क्षणाबद्दल अनेकांनी लिहिलं आहे, आम्ही वेगळं काय लिहिणार? अम्मी दोन्ही हात उचलून उभ्या राहिल्या. किती वेळ ते आम्हाला कळलं नाही. मुन्नीने काय पाहिलं कोण जाणे, पण तीही दिव्यांकडे टक लावून बघत होती.

चौथा फेरा

हजरे अस्वदच्या कोपऱ्यासमोरून तवाफ सुरू केला. पायांखालचा पांढरा संगमरवर थंड होता. तो ग्रीसच्या थासोस बेटावरून आणलेला आहे आणि कडक उन्हातही तापत नाही. गर्दी होती, पण ढकलाढकली नव्हती. मुन्नी भावजयीच्या छातीशी बॅगेत होती. पहिल्या दोन फेऱ्यांत रडली, तिसऱ्यात गप्प झाली. दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून भावजयीने ओढणीचं टोक तिच्यावर ओढून घेतलं. आम्हाला बरं वाटलं. म्हटलं, झोपली बिचारी.

चौथ्या फेऱ्यात हतीमच्या बाजूला एक म्हातारी बाई आमच्याबरोबर चालू लागली. कुठल्या देशाची होती माहीत नाही, भाषा कळली नाही. तिने भावजयीच्या दंडाला हात लावला. मग स्वतःच्या हनुवटीखाली बोट धरून हनुवटी वर उचलून दाखवली. एकदा, दोनदा. भावजयीला समजेना. शेवटी त्या बाईने सरळ ओढणी बाजूला केली.

मुन्नी बॅगेत खाली घसरली होती. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकला होता, हनुवटी छातीवर टेकली होती आणि नाक आईच्या बुरख्याच्या कापडात रुतलं होतं. चेहरा घामाने भिजलेला, ओठांचा रंग उतरलेला. बॅगेचा एक पट्टा चालता चालता बकलातून सरकून ढिला झाला होता आणि बाळ छातीवरून पोटापर्यंत खाली आलं होतं. ते कुणालाही कळलं नव्हतं.

गर्दीच्या कडेने आम्ही बाहेर आलो. भावाने तिला ओढून बाहेर काढलं, हातावर सरळ धरलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग तिने मोठा श्वास घेतला आणि जोरात टाहो फोडला. मुलाच्या रडण्याने एवढा आनंद होऊ शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मागे वळून पाहिलं तर ती बाई गर्दीत मिसळून गेली होती. तिला शुक्रिया म्हणायचं राहून गेलं. आता प्रत्येक नमाजनंतरच्या दुआत तिला आठवतो.

अम्मी काही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मुंह खुला रहना बच्चे का." बाळाचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. सगळ्या माहितीपत्रकांचं सार या चार शब्दांत आहे.

लहान बाळाचा श्वासमार्ग मऊ आणि अरुंद असतो. डोकं जड, मान कच्ची. हनुवटी छातीला टेकली की पाण्याची नळी दुमडावी तसा तो मार्ग दबतो. मोठं माणूस गुदमरलं तर हातपाय झाडेल. बाळ तसं करत नाही, ते हळूहळू गप्प होत जातं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये खांद्यावरून अडकवायच्या कापडी झोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. मागच्या २० वर्षांतल्या किमान १४ बाळांच्या मृत्यूंचा उल्लेख त्यात होता आणि त्यांतली १२ बाळं चार महिन्यांहून लहान होती. म्हणून चार महिन्यांच्या आतलं, दिवसांआधी जन्मलेलं किंवा श्वासाचा त्रास असलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याही बॅगेत घालू नये. गप्प बाळ म्हणजे झोपलेलं बाळ, असं धरून चालू नये. कापड बाजूला करून बघावं.

सफा आणि मरवा

मौलानांना फोनवर विचारून उरलेले फेरे पूर्ण केले. मुकामे इब्राहीमच्या मागे, गर्दीपासून लांब दोन रकात नमाज पढली, जमजम प्यालो आणि सईला गेलो. बॅग आता भावाच्या खांद्यावर रिकामी लटकत होती आणि मुन्नी आळीपाळीने आमच्या हातांवर होती.

सफा ते मरवा सुमारे ४५० मीटर. सात खेपा म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. साडेसहा किलोचं बाळ पहिल्या खेपेला फुलासारखं वाटतं, पाचव्या खेपेला खांदे भरून येतात. पण त्या जागेवर तक्रार तोंडातून निघत नाही. ही वाट एका आईचीच आहे.

हजरत हाजरा (अ.) या ओसाड खोऱ्यात तान्ह्या इस्माईलला (अ.) घेऊन एकट्या होत्या. जवळचं पाणी संपलं. बाळ तहानेने तळमळू लागलं तेव्हा त्या कुणी दिसतं का पाहायला सफावर चढल्या, तिथून मरवावर गेल्या, असं सात वेळा केलं. आज ज्या पट्ट्यात हिरवे दिवे लागलेले असतात आणि पुरुष वेगाने चालतात तो त्या काळी खोऱ्याचा सखल भाग होता. टेकडीवरून बाळ दिसत होतं, म्हणून त्या चालत होत्या. सखल भागात उतरल्या की बाळ नजरेआड व्हायचं, म्हणून तेवढ्या टप्प्यात त्या धावत सुटायच्या, असं आलिम सांगतात.

ही गोष्ट आम्ही शाळेत मुलांना कितीतरी वेळा सांगितली आहे. पण त्या रात्री हिरव्या दिव्यांखाली आलो तेव्हा भावजय मुन्नीला छातीशी धरून मध्येच थांबली. म्हणाली, "त्यांचं बाळ नजरेआड होतं म्हणून त्या धावल्या. माझं तर माझ्या छातीशी होतं आणि मीच त्याच्यावर ओढणी टाकली." तिच्या पाठीवरून हात फिरवण्याशिवाय आम्हाला काही सुचलं नाही. अम्मींनी मुन्नीला तिच्याकडून घेतलं आणि उरलेल्या खेपांमध्ये आपल्या चाकांच्या खुर्चीत मांडीवर बसवलं. नात तोंड वर करून आजीकडे बघत होती.

दुसऱ्यांची बाळं

पुढचे दोन दिवस आम्ही इबादतीबरोबर आणखी एक काम केलं. हरमच्या अंगणात बसून जगभरची बाळं बघितली. मक्केसारखं ठिकाण यासाठी दुसरं सापडणार नाही. इंडोनेशियाच्या बाया लांब नक्षीदार कापड एका खांद्यावरून घेऊन त्यात बाळाला कडेवर बसवतात. आफ्रिकेतल्या बाया कंबरेतून वाकून बाळाला पाठीवर ठेवतात, त्यावरून रुंद कापड गुंडाळून छातीवर गाठ मारतात. बाळाचे दोन्ही पाय आईच्या कंबरेला विळखा घालून बाहेर आलेले. तुर्की बापांच्या छातीवर जाड पट्ट्यांच्या बॅगा. एवढे प्रकार, पण नीट पाहिलं तर सुखात असलेलं प्रत्येक बाळ एकाच तऱ्हेने बसलेलं होतं: पाय फाकलेले, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, पाठ टेकलेली, चेहरा मोकळा.

ही बैठक आपल्याला नवी नाही. आपल्या आया, फुफ्या, खाला लेकरांना कडेवर घेतात तेव्हा ते असंच बसतं. मांड्यांना खालून आधार असतो, पाय लोंबकळत नाहीत. कंबरेचा सांधा पहिल्या वर्षात घडत असतो, त्यालाही हीच बैठक मानवते. आम्ही आणलेल्या बॅगेची बैठक मात्र चार बोटं रुंद होती. तिच्यात मुन्नी मांड्यांच्या मध्ये आलेल्या कापडाच्या पट्टीवर टांगल्यासारखी राहत होती आणि पाय सरळ खाली लोंबत होते.

तेव्हा आमच्या घरचा नियम ठरला. बाळ आपल्या कडेवर जसं बसतं तसंच ते बॅगेत बसलं पाहिजे. बसत नसेल तर ती बॅग कितीही महाग असो, आपल्या कामाची नाही.

दुसरी बॅग

तिसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर हरमसमोरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. या वेळी मुन्नी बरोबर होती आणि अम्मीही. अम्मींनी तीस वर्षं शिवणकाम केलं आहे. त्यांनी आधी बॅगा उलट्या केल्या. पट्टा जिथे अंगाला जोडलेला असतो तिथली शिवण दुहेरी आहे का, टोकाला आडवे टाके घातलेत का, धागा निघालेला आहे का, हे बोटांनी चाचपलं आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. दुकानातला मुलगा हसत होता. अम्मींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

एकेक बॅग भावजयीने बांधली आणि मुन्नीला घालून दहा-दहा मिनिटं दुकानात फिरली. काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना आमच्यासारखी खरेदी करावी लागणार नाही.

पहिलं म्हणजे उंची. मान खाली केली की बाळाच्या टाळूचा मुका घेता आला पाहिजे. बाळ त्याहून खाली असेल तर बॅग ढिली आहे किंवा मोठी आहे.

दुसरं, चेहरा. कुठलंही कापड न सरकवता बाळाचं नाक-तोंड दिसलं पाहिजे आणि हनुवटीखाली आपली दोन बोटं सहज मावली पाहिजेत.

तिसरं, घट्टपणा. बाळ अंगाला मिठी मारल्यासारखं बसलं पाहिजे. पाठीवर तळहात ठेवून हलकं दाबलं तर बाळाने आणखी आत जाऊ नये. जात असेल तर ते मधल्या मोकळ्या जागेत घसरणार. सैल बांधलं म्हणजे बाळाला आराम, हा गैरसमज आहे.

चौथं, बैठक. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत मांड्यांना आधार हवा. काही बॅगांत ही बैठक बकलाने किंवा वेलक्रोने कमी-जास्त करता येते. ती घेतली तर बाळ वाढलं तरी चालते.

पाचवं, उचलणाऱ्याचा आराम. नुसत्या खांद्यांच्या पट्ट्यांवर भार आला तर तासाभरात मान धरते. कंबरेला रुंद, जाड पट्टा असेल तर निम्मं ओझं कंबरेवर उतरतं. आमच्या पहिल्या बॅगेला कंबरपट्टाच नव्हता.

सहावं, बकल. लावताना खट् असा आवाज आला पाहिजे आणि एका बोटाच्या धक्क्याने ते उघडता कामा नये. पट्टा बकलातून ओढल्यावर मागे सरकतो का, हेही पाहावं. आमची फसगत तिथेच झाली होती.

सातवं, चिठ्ठी. किती किलोपासून किती किलोपर्यंत, हे लिहिलेलं असतं. युरोपच्या मानकाचा क्रमांक ईएन १३२०९-२, अमेरिकेच्या मानकाचा एएसटीएम एफ २२३६. यांपैकी काही छापलेलं असेल तर चांगलंच. काहीच छापलेलं नसेल तर निदान वर सांगितलेली सगळी तपासणी करावी.

कापडाचाही विचार हवा. मक्केत दिवाळीच्या दिवसांतही दुपारचा पारा तिशीच्या वर जातो. आईच्या आणि बाळाच्या अंगाची ऊब एकत्र होते. म्हणून मागे जाळी असलेली सुती बॅग घेतली आणि मुन्नीला आत एकच पातळ झबलं घातलं. बॅगेचा कपडा हाही एक थर असतो हे विसरलं की बाळ उकडून निघतं. मानेच्या मागे हात लावून बघावं. घाम असेल तर बाहेर काढून वारा द्यावा, दूध पाजावं.

दुकानातल्या मुलाने मुन्नीला तोंड बाहेरच्या बाजूला करून घालून दाखवलं. तिला दुनिया दिसेल म्हणाला. आम्ही नको म्हटलं. मान पूर्ण सावरलेली नसताना आणि झोपेच्या वेळी ती बैठक नकोच. गर्दीत तर बाळाचं तोंड आईकडेच हवं. धक्का आला तर आईच्या हातांनी ते झाकता येतं. पाठीवर घेणं मोठ्या, नीट बसू लागलेल्या बाळाला चालतं, पण तवाफच्या गर्दीत पाठीवरचं बाळ आपल्याला दिसत नाही.

दुसरा उमराह

दोन दिवसांनी हरमपासून सुमारे सात किलोमीटरवरच्या तनईमला, मस्जिदे आयशाला जाऊन पुन्हा एहराम बांधला. बॅग एहरामवर चालते का, असं भावाने मौलानांना विचारून घेतलं. ते म्हणाले, पैशाचा पट्टा आणि खांद्यावरची पिशवी चालते तशी हीही चालते, ती अंगावर घालायचं शिवलेलं वस्त्र नव्हे. वाचकांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावं.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र आम्हाला अनुभवाने कळली. तवाफमध्ये पुरुषांचा उजवा खांदा उघडा असतो. त्या उघड्या कातडीवर बॅगेचा पट्टा घासतो. सईत दोन्ही खांदे झाकलेले असतात. तेव्हा तवाफमध्ये मुन्नी आईकडे आणि सईत अब्बांकडे, अशी वाटणी केली. बुरख्यावरून बॅग बांधायची म्हणून भावजयीने समोरच्या सगळ्या टाचण्या काढून ओढणीला दोन टाके घातले. बाळाच्या डोळ्यांसमोर टाचणी नको आणि तोंडावर पदर नको. तवाफला निघायच्या अगदी आधी लंगोट बदलला. जिन्यावर आणि खाली काही उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकायचं, एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवायचा, हे तिने स्वतःच ठरवून घेतलं होतं. भावानेही मुन्नी बरोबर असताना वेगाने चालायचं सोडून दिलं.

या वेळी वरचा मजला निवडला. फेरा लांब पडतो, पण गर्दी विरळ असते. प्रत्येक फेऱ्याला, हजरे अस्वदच्या सरळ रेषेत आलो की भावजय उजवा हात उचलून तकबीर म्हणायची आणि तोच हात खाली येताना मुन्नीच्या हनुवटीखाली दोन बोटं घालायची. सात वेळा. चौथ्या फेऱ्याला ती जरा थांबली, खाली बघितलं. मुन्नी जागी होती आणि आईच्या गळ्यातल्या दोरीशी खेळत होती.

मदीना

मक्केहून मदीनेला जलद रेल्वेने गेलो. ४५० किलोमीटरची ही हरमैन रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली आणि ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावते. वाळवंट खिडकीतून पळत होतं आणि मुन्नी बॅगेबाहेर आजीच्या मांडीवर पसरून झोपली होती. लांबच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने बाळाला बॅगेतून काढून हातपाय मोकळे करू द्यावेत. पाळणा, चटई, मांडी यांची जागा बॅग घेऊ शकत नाही.

मस्जिदे नबवीत गेलो तेव्हा मन एका हदीसवर अडकलं होतं. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. अबू कतादा (र.) सांगतात की प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा हिला, म्हणजे हजरत जैनब (र.) यांच्या मुलीला, घेऊन नमाज पढवत असत. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत. लोकांची इमामत करतानाही एक लहान मूल अंगाखांद्यावर होतं आणि वाकायची वेळ आली की आधी त्याला नीट खाली ठेवलं जात होतं.

आम्हीही तसंच करायचो. नमाजच्या वेळी मुन्नीला बॅगेत ठेवून कुणी रुकू-सजदा करायचा नाही. तिला काढून आपल्यापाशी जानमाजवर ठेवायचं किंवा एकाने सांभाळायचं आणि दुसऱ्याने पढायचं. पहिल्या दिवशी भावजयीला वाटलं होतं की बाळामुळे तिच्या इबादतीत कसर राहते आहे. जमाअत चुकते, दुआ अर्धी राहते, कुरआन हातात घ्यावं तर ही रडते. अम्मी तिला म्हणाल्या, "अगं, हाजरांनी तिथे कुठली नफ्ल पढली होती? त्या बाळासाठी धावल्या आणि त्यांचं ते धावणं अल्लाहने कयामतपर्यंत सगळ्यांची इबादत करून ठेवलं." त्यानंतर भावजयीने तसं कधी म्हटलं नाही.

परत आल्यावर लोक जमजम आणि खजूर घ्यायला आले. बोलता बोलता तिघी-चौघींनी बॅगेबद्दल विचारलं. गल्लीतल्या एका मुलीचं बाळ तीन महिन्यांचं आहे. तिने कुणाकडून तरी वापरलेली बॅग आणली होती. अम्मींनी ती आधी उलटी करून शिवण पाहिली, मग बाळाला घालायला लावलं आणि परत काढायला लावलं. बाळाच्या मानेला त्यात आधार नव्हता. "अजून दोन महिने कडेवर आणि मांडीवर घे," म्हणाल्या. "मग बघू."

आमची पहिली बॅग अजून कपाटात आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये म्हणून अम्मींनी तिचे पट्टे कापून टाकले आहेत. अल्लाह सर्वांना आपल्या घराचं दर्शन घडवो, आणि जे लेकरांना घेऊन जातात त्यांची लेकरं सुखरूप परत आणो. आमीन.